पोटरीतील रक्ताच्या गुठळीनंतर : पायाची पुढची काळजी, पायरी पायरीने

पोटरीच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचे निदान झाले की सुरुवातीला रुग्ण, घरचे आणि डॉक्टर या सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते : गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ नये. ही भीती योग्यच आहे आणि रक्त पातळ करणारे औषध वेळेवर सुरू झाले की ती बरीच कमीही होते. पण ठणका ओसरून चालणे पूर्ववत झाले, की गुठळीचे प्रकरण संपले असे समजून अनेक जण औषधाबरोबर पायाकडे लक्ष देणेही सोडून देतात. पायाचे दीर्घकालीन परिणाम बहुधा याच टप्प्यावर, पहिल्या दोन वर्षांत, हळूहळू दिसू लागतात. हा लेख नुकतेच निदान झालेल्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. त्यात औषध निवडण्याचा सल्ला नाही, तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. पुढे काय होऊ शकते, त्यातले काय टाळता येते आणि कशासाठी तातडीने डॉक्टरांकडे जावे, एवढे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पायरी १ : गुठळी नेमकी कोणत्या नीलेत होती, ते अहवालात पाहावे

‘पायात गुठळी’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या परिस्थिती सामावतात, त्यामुळे डॉप्लर सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊन नीलेचे नाव पाहणे ही पहिली पायरी. गुडघ्याच्या मागे पॉप्लिटिअल नावाची मोठी नीला असते. तिच्या खाली पोटरीत अँटिरिअर टिबियल, पोस्टिरिअर टिबियल आणि पेरोनिअल या नीला बहुधा जोडीने धमन्यांच्या शेजारून जातात, तर सोलिअस आणि गॅस्ट्रोक्नेमिअस या स्नायूंच्या आत त्यांच्या स्वतंत्र नीला असतात. गुठळी फक्त या खालच्या नीलांमध्ये असेल, तर तिला पोटरीपुरती मर्यादित गुठळी म्हणतात. पॉप्लिटिअल किंवा त्याहून वर, म्हणजे मांडी वा ओटीपोटापर्यंत गेलेली गुठळी वेगळ्या गटात मोडते.

हा फरक नुसता नावाचा नाही. पायाच्या खोल नीलेत गुठळी झालेल्या सर्व रुग्णांचा एकत्रित विचार केला, तर त्यांच्यापैकी सुमारे २० ते ५० टक्क्यांना पुढे कमी-अधिक दीर्घकालीन त्रास होतो आणि ५ ते १० टक्क्यांमध्ये तो तीव्र असतो, असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र हे आकडे मुख्यतः वरच्या, मोठ्या नीलांतील गुठळ्यांच्या अनुभवावर आधारलेले आहेत. पोटरीपुरत्या गुठळीनंतर असा त्रास कमी जणांना होतो आणि झाला तरी बहुधा सौम्य असतो. माहिती शोधताना भयंकर व्रणांची छायाचित्रे समोर येतात, तेव्हा हे लक्षात असू द्यावे. सौम्य याचा अर्थ शून्य नव्हे, एवढीच पुढची सावधगिरी.

पायरी २ : पायात आत काय बिघडते, ते समजून घ्यावे

रक्त पातळ करणारी औषधे गुठळी विरघळवत नाहीत. ती नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि असलेली वाढू देत नाहीत. विरघळवण्याचे काम शरीर स्वतः करते आणि त्याला आठवडे ते महिने लागतात. कधी गुठळी पूर्णपणे जाते, तर कधी नीलेच्या भिंतीला चिकटलेला जखम भरल्यावर उरणाऱ्या वणासारखा तंतुमय अवशेष राहतो आणि वाट अरुंद होते.

दुसरे नुकसान झडपांचे. पायाच्या नीलांमध्ये रक्त एकाच दिशेने, म्हणजे वर जाऊ देणाऱ्या नाजूक झडपा असतात. माणूस स्थिर उभा असताना पावलाच्या नीलेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालू लागले की पोटरीचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि दाब ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. गुठळीने आणि तिच्याबरोबरच्या दाहाने झडपा आखडल्या किंवा विरूप झाल्या, की ढकललेले रक्त पुन्हा खाली घसरते आणि चालत असतानाही दाब पुरेसा उतरत नाही. दिवसभर टिकून राहणाऱ्या या वाढीव दाबामुळे केशवाहिन्यांतून द्रव आणि तांबड्या पेशी आजूबाजूच्या ऊतीत झिरपतात. सूज, जडपणा, त्वचेचा तपकिरी रंग आणि शेवटी व्रण ही सगळी साखळी याच दाबातून निर्माण होते. तिला वैद्यकात पोस्ट थ्रॉम्बोटिक सिंड्रोम म्हणतात. इथे आपण तिला गुठळीपश्चात त्रास म्हणू.

एकदा निकामी झालेली झडप औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांचा रोख दोन गोष्टींवर आहे : आणखी झडपा बिघडू न देणे आणि उरलेल्या यंत्रणेकडून जास्तीत जास्त काम करून घेणे.

पायरी ३ : औषधाची ठरलेली मुदत पूर्ण करावी

त्याच पायात पुन्हा गुठळी होणे हे दीर्घकालीन त्रासाचे सर्वांत ठळक कारण आहे. पहिल्या गुठळीतून वाचलेल्या झडपा दुसरीत जातात. त्यामुळे सुरुवातीचे औषध नियमित घेणे हाच पुढच्या त्रासावरचा पहिला आणि बहुधा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध आहे. पाय बरा वाटतो म्हणून गोळ्या थांबवणे ही इथली सर्वांत महागडी चूक.

पोटरीपुरत्या गुठळीला औषध द्यावे की नाही, यावर डॉक्टरांमध्ये खरोखरच मतभेद आहेत. धोका कमी असलेल्या काही रुग्णांना औषध न देता एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा सोनोग्राफी करून गुठळी वर सरकते का, हे पाहिले जाते. हाही मान्य मार्ग आहे आणि आपल्या डॉक्टरांनी तो निवडला तर त्यांनी दुर्लक्ष केले असे समजू नये. मात्र त्या मार्गाने जाताना पुढच्या तपासणीची तारीख चुकवणे म्हणजे उपचारच चुकवणे ठरते. औषध दिले तर मुदत बहुतेक वेळा तीन महिन्यांची असते. इटलीत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटरीपुरती गुठळी असलेल्या सुमारे ४०० रुग्णांना रिव्हॅरोक्सॅबान हे औषध सहा आठवडे दिल्यानंतर अर्ध्यांना आणखी सहा आठवडे तेच औषध आणि अर्ध्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. दोन वर्षांत पहिल्या गटातील ११ टक्के, तर दुसऱ्या गटातील १९ टक्के रुग्णांना पुन्हा गुठळी झाली. सहा आठवड्यांनी बरे वाटू लागल्यावर ‘आता पुरे’ म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत.

वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे जुने औषध घेणाऱ्यांनी आयएनआर हा रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा निर्देशांक बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. पहिल्या काही महिन्यांत तो वारंवार खाली राहिला, तर पुढचा त्रास वाढण्याची शक्यता वाढते. कोणतेही रक्त पातळ करणारे औषध चालू असताना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

पायरी ४ : उपचार संपताना पायाची नोंद करून ठेवावी

ही पायरी सहसा कोणी सांगत नाही, पण माझ्या मते ती सर्वांत उपयोगी आहे. औषध थांबवण्याच्या सुमारास पुन्हा डॉप्लर करून घेण्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. नीलेत अवशेष उरला आहे की नाही आणि असल्यास कुठे, याची नोंद हाती असली, तर दोन वर्षांनी पाय अचानक सुजल्यावर दिसणारी गुठळी नवी की जुनी, हा अवघड प्रश्न सोपा होतो. तशी नोंद नसेल, तर जुना अवशेष नवी गुठळी समजून पुन्हा महिनोन्महिने औषध सुरू होऊ शकते, किंवा उलट खरी नवी गुठळी जुनी म्हणून सोडून दिली जाऊ शकते.

घरी करायची नोंद साधी आहे. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजावा. सकाळी उठल्यावर एकदा आणि त्याच दिवशी संध्याकाळी एकदा. आकडे, तारीख आणि शक्य तर घोट्याच्या आतील बाजूचा फोटो जपून ठेवावा.

पायरी ५ : लक्षणांवर नजर ठेवावी, पण रोज पाय चाचपत बसू नये

निदानानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतली सूज आणि दुखणे हे मूळ गुठळीचेच असते, त्यामुळे गुठळीपश्चात त्रासाचे निदान त्याआधी करत नाहीत. नंतर डॉक्टर त्याचे मोजमाप बहुधा व्हिलाल्टा नावाच्या गुणपद्धतीने करतात. त्यात दुखणे, गोळे येणे, जडपणा, मुंग्या आणि खाज ही रुग्णाने सांगायची पाच लक्षणे, तसेच नडगीवरची सूज, त्वचेचा कठीणपणा, काळपट-तपकिरी रंग, लाली, फुगलेल्या शिरा आणि पोटरी दाबल्यावर दुखणे ही तपासणीत दिसणारी सहा चिन्हे असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण दिले जातात. एकूण ५ किंवा अधिक गुण म्हणजे त्रास आहे आणि १५ किंवा अधिक गुण, अथवा उघडा व्रण, म्हणजे तो तीव्र आहे. महिन्यातून एकदा या अकरा गोष्टी मनाशी तपासल्या तरी पुरे.

नव्याने या वाटेवर आलेल्याला सर्वाधिक छळणारा प्रश्न म्हणजे आजची सूज जुन्या त्रासाची की नव्या गुठळीची. ढोबळ खूण अशी : गुठळीपश्चात त्रास दिवस जाईल तसा, विशेषतः उभे राहून, वाढतो आणि पाय वर करून झोपल्यावर सकाळी बराच उतरतो. नवी गुठळी बहुधा एक-दोन दिवसांत अचानक जाणवते आणि रात्रभराच्या विश्रांतीनेही फारशी कमी होत नाही. नेहमीपेक्षा वेगळी, एकाच पायाची, टिकून राहणारी सूज किंवा दुखणे असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. ही खूण घरी निर्णय घेण्यासाठी नाही, डॉक्टरांकडे किती घाईने जायचे हे ठरवण्यासाठी आहे.

पायरी ६ : चालावे

गुठळी असलेला पाय हलवला तर ती सुटेल, या समजुतीने लोक आठवडे अंथरुणाला खिळून राहतात. औषध सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, चालण्याने फुप्फुसात गुठळी जाण्याचा धोका वाढत नाही. उलट दुखणे आणि सूज लवकर कमी होते. पोटरीचा स्नायू हाच नीलेचा पंप असल्याने तो जितका सशक्त, तितका बिघडलेल्या झडपांचा भार हलका होतो. सुरुवातीला सपाट जागेवर थोडे थोडे, दिवसातून अनेकदा चालावे आणि मग अंतर वाढवावे. भिंतीला हात टेकवून टाचा उचलणे आणि बसल्या जागी घोटा वर-खाली करणे हे दोन व्यायाम कुठेही जमतात. ज्यांना त्रास आधीच सुरू झाला आहे, त्यांनाही काही महिन्यांच्या देखरेखीखालील व्यायामाने फायदा होऊ शकतो.

एका जागी तासन्तास उभे राहणे मात्र वाईट, कारण तेव्हा दाब पूर्ण असतो आणि पंप बंद. काम उभ्याचेच असेल तर दर अर्ध्या तासाला काही पावले टाकावीत. झोपताना किंवा विश्रांती घेताना पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावेत. पुढ्यातल्या स्टुलावर पाय ठेवून बसल्याने ती पातळी गाठली जात नाही. लठ्ठपणा हा गुठळीपश्चात त्रासाचा सिद्ध झालेला धोका आहे, म्हणून वजन उतरवणे हाही पायाचाच उपचार. ताज्या गुठळीच्या काळात पोटरीची जोरदार मालिश करू नये.

पायरी ७ : दाबाचे मोजे का, कधी आणि कसे

दाबाच्या मोज्यांविषयी, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्जविषयी, दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात आणि दोन्हींमागे इतिहास आहे. पूर्वी खोल नीलेत गुठळी झालेल्या प्रत्येकाला दोन वर्षे मोजे घालण्यास सांगत, कारण सुरुवातीच्या काही लहान अभ्यासांत त्यांनी पुढचा त्रास निम्म्यावर आल्याचे दिसले होते. २०१४ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतील आठशेहून अधिक रुग्णांवरचा सॉक्स नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खरे मोजे आणि दाब नसलेले दिखाऊ मोजे यांत दोन वर्षांनी काहीच फरक आढळला नाही. त्यातील अनेकांनी मोजे नियमित घातले नव्हते, असा आक्षेप घेतला गेला आणि तो पूर्णपणे निराधार नाही. शिवाय त्यातील रुग्ण वरच्या नीलांतील गुठळीचे होते. आज सर्वसाधारण भूमिका अशी आहे की त्रास टाळण्यासाठी सरसकट सर्वांना मोजे देऊ नयेत, पण ज्यांना सूज, जडपणा किंवा दुखणे आहे, त्यांना ते कमी करण्यासाठी जरूर वापरून पाहावेत. मला ही भूमिका पटते. मोज्याने संध्याकाळी पाय हलका वाटत असेल तर तो घालावा, काही आठवडे नीट वापरूनही फरक पडत नसेल तर डॉक्टरांशी बोलून सोडावा. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

मोजे घेण्याआधी पायाचा धमनीतला रक्तपुरवठा चांगला असल्याची खात्री हवी. मधुमेह, धूम्रपान किंवा चालताना पोटरीत कळ येण्याचा इतिहास असलेल्यांनी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढून घ्यावे. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत आणि ०.५ पेक्षा कमी असेल तर मुळीच घालू नयेत. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगितला जातो : २० ते ३० मध्यम आणि ३० ते ४० जास्त. पोटरीच्या त्रासासाठी गुडघ्यापर्यंतचा मोजा बहुधा पुरतो. माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी मिळणारे पांढरे मोजे झोपून असलेल्या रुग्णांसाठी असतात आणि त्यांचा दाब कमी असतो. ते या कामासाठी वापरू नयेत.

मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी किंवा उठल्याबरोबर घालावा आणि झोपताना काढावा. रबरी हातमोजे घातले तर पकड मिळून तो सहज वर चढतो. गुडघ्यामागे सुरकुती किंवा दुमडलेली कड राहू देऊ नये. तिथे दोरी आवळल्यासारखा दाब पडतो. रोजच्या वापराने साधारण सहा महिन्यांत मोज्याचा ताण सैलावतो आणि तो बदलावा लागतो. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा नवा ठणका सुरू झाला तर मोजा लगेच काढावा.

पायरी ८ : घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा जपावी

वाढलेल्या दाबाच्या खुणा सर्वांत आधी घोट्याच्या आतील बाजूस आणि त्याच्या थोड्या वर दिसतात. झिरपलेल्या तांबड्या पेशींतील लोहामुळे तिथे तपकिरी डाग पडतात, त्वचा कोरडी होऊन खाजते आणि पुढे ती कठीण होऊन आकसते. पाय खाली बारीक आणि वर फुगीर, म्हणजे उलट्या बाटलीसारखा दिसू लागला, तर हा बदल बराच पुढे गेला आहे असे समजावे. या अवस्थेतला लालसर, दुखरा भाग जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांचे कोर्समागून कोर्स दिले जाण्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. ताप नसताना दोन्ही पायांवर किंवा महिनोन्महिने टिकणारी लाली असेल, तर जुन्या गुठळीचा उल्लेख आपण होऊन करावा.

रोज रात्री मोजा काढल्यावर सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. खाजवणे आणि घरगुती झणझणीत लेप टाळावेत. या भागातली लहानशी जखमही दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवावी. नीलेच्या दाबामुळे झालेला व्रण मलमांनी नव्हे, तर योग्य दाबाच्या पट्ट्यांनी भरतो. त्याला आठवडे ते महिने लागतात आणि काळजी घेतली नाही तर तो पुन्हा उघडतो.

पायावर नव्याने फुगलेल्या वरवरच्या शिरा दिसल्या तर त्या काढून टाकण्याची घाई करू नये. खोल नीला अरुंद झाली असेल, तर याच शिरा रक्ताला पर्यायी वाट देत असतात. खोल नीलांची तपासणी झाल्याशिवाय त्यांना हात लावणे योग्य नाही.

पायरी ९ : पुन्हा गुठळी होण्याची कारणे ओळखून ठेवावीत

पहिली गुठळी प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा दीर्घ आजारपण अशा स्पष्ट आणि तात्पुरत्या कारणाने झाली असेल, तर औषध थांबवल्यावर ती परतण्याची शक्यता कमी असते. काहीच कारण सापडले नसेल, तर ती जास्त असते. खोल नीला किंवा फुप्फुसातील विनाकारण गुठळ्यांच्या रुग्णांवरील एकत्रित अभ्यासांनुसार औषध थांबवल्यानंतर पहिल्या वर्षी सुमारे १० टक्के आणि पाच वर्षांत सुमारे २५ टक्के जणांना पुन्हा गुठळी होते. पोटरीपुरत्या गुठळीत हा धोका वरच्या गुठळीपेक्षा कमी असतो. तरीही विनाकारण झालेल्या गुठळीनंतर औषध थांबवायचे की कमी मात्रेत पुढे चालू ठेवायचे, हा प्रश्न डॉक्टरांसमोर स्वतःहून मांडावा.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरक उपचार घेण्यापूर्वी गुठळीचा इतिहास सांगावा. गर्भधारणेचा विचार असेल, तर आधीच भेट घ्यावी, कारण त्या काळात वॉरफेरिन आणि रिव्हॅरोक्सॅबानसारख्या नव्या गोळ्या सहसा टाळून हेपारिनची इंजेक्शने वापरतात. चार तासांहून लांबच्या प्रवासात मधूनमधून उठून चालावे आणि पाणी पीत राहावे.

पायाइतकेच लक्ष श्वासाकडेही असावे. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा भोवळ येणे ही आणीबाणी आहे. ज्यांच्या फुप्फुसात गुठळी गेली होती, त्यांना तीन महिन्यांच्या उपचारानंतरही जिना चढताना दम लागत असेल, तर फुप्फुसाच्या धमन्यांतील दाब कायमचा वाढला आहे का, हे हृदयाच्या इको तपासणीने आणि गरज पडल्यास फुप्फुसाच्या स्कॅनने पाहतात. हा परिणाम विरळा असला तरी त्यावर उपचार आहेत, त्यामुळे तो वयाच्या किंवा वजनाच्या खात्यावर टाकून देऊ नये.

शेवटी एक कागद तयार करावा. त्यावर गुठळीची तारीख, नीलेचे नाव, कारण सापडले असल्यास ते, घेतलेले औषध व मुदत आणि शेवटच्या डॉप्लरचा निष्कर्ष एवढे लिहावे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, पायाला प्लास्टर घालायची वेळ आली किंवा काही दिवस अंथरुणात काढावे लागणार असतील, तर तो कागद संबंधित डॉक्टरांना आधीच दाखवावा, म्हणजे त्या काळापुरते प्रतिबंधक औषध द्यायचे का, हे वेळेत ठरवता येते.